आकाशवाणी ऐकणारे मीटर

ज्या देशाला लिखित राज्यघटना नाही, त्या देशातील नागरिकांचे मूलभूत हक्क नेमके कोठे नमूद केलेले असतात, असा प्रश्न मला विद्यार्थिदशेत नागरिकशास्त्राच्या तासाला पडत असे. ब्रिटनमध्ये कायमचे बिऱ्हाड केल्यानंतर त्याचा उलगडा झाला. ते विजेच्या बिलाच्या पाठीमागे, चष्म्यालाही चष्मा लागावा अशा बारीक टंकात छापलेले असतात, आणि त्या हक्कांत शिरोमणी म्हणावा असा हक्क म्हणजे आपणास वीज पुरविणारी कंपनी मनास येईल तेव्हा सोडून दुसरीच्या दारी जाण्याचा. 1948 साली सरकारजमा झालेला येथील वीजधंदा 1990-91 साली पुन्हा खासगी भागधारकांच्या स्वाधीन झाला, आणि 1998-99 च्या सुमारास ही मोकळीक तुमच्या-आमच्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकांच्या पदरात पडली. तारा त्याच राहतात, खांब तेच राहतात, आणि तारेतली वीजही आपण कोणाच्या मालकीची आहोत याची यत्किंचितही फिकीर न करता घरात येत राहते; बदलते ते फक्त बिलाच्या माथ्यावरील बोधचिन्ह आणि दरमहा बँकेतून वळती होणाऱ्या रकमेच्या धन्याचे नाव. तथापि या देशात सद्गृहस्थाची व्याख्याच अशी रूढ झाली आहे की, त्याने जन्मभर आपला फुटबॉलचा संघ बदलू नये, न्हावी बदलू नये, पण वीज कंपनी मात्र वर्षाकाठी न चुकता बदलावी.

लंडनलगतच्या स्लाऊ गावी राहणारे आमचे मेहुणे हे या व्याख्येत तंतोतंत बसणारे गृहस्थ आहेत. त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख विचारल्यास ते बायकोकडे पाहतात, परंतु कोणत्या कंपनीचा करार कोणत्या तारखेस संपतो आणि मुदतीपूर्वी निघाल्यास किती दंड बसतो, हे त्यांना मुखोद्गत असते. "दाजी, अजून तीच कंपनी?" हा त्यांच्या प्रत्येक दूरध्वनीचा मंगलाचरणाचा श्लोक, आणि "अहो, पाच मिनिटांचं काम आहे," ही त्याची फलश्रुती. अंधेरीचे आमचे वडीलबंधूही या बाबतीत त्यांच्याच पक्षाचे. कारण मुंबईच्या उपनगरांतही 2009 पासून एका कंपनीची तार ठेवून दुसऱ्या कंपनीची वीज घेण्याची सोय झालेली आहे, आणि आपण मुंबईत जे बिनबोभाट करू शकलो ते विलायतेत राहणाऱ्या भावाला जमू नये, याचे त्यांना जितके दुःख आहे त्याहून समाधान अधिक आहे.

या दोघांनाही मी कित्येक वेळा समजावून सांगितले की, माझे घर स्लाऊत नाही आणि अंधेरीतही नाही. ते स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील मोरे परगण्यात आहे. तेथे गॅसची नळी आमच्या वाडीपर्यंत पोहोचलेलीच नाही, त्यामुळे दिवाबत्ती, स्वयंपाक, स्नानाचे पाणी आणि वर्षातील बहुतेक महिने अत्यावश्यक असणारी ऊब, हा सारा कारभार विजेवरच चालतो. जिन्याखालच्या कपाटात एक नव्हे, दोन मीटर शेजारी शेजारी नांदत असत: एकाकडे दिवे, चूल आणि दूरदर्शन यांचे खाते, तर दुसऱ्याकडे हीटर आणि गरम पाणी यांचे, आणि या दुसऱ्याचा दर पहिल्याहून पुष्कळच हलका. दोहोंच्या मध्ये एक करडी पेटी होती. तिला ना काटा, ना आकडे, ना बटण. पण घराची खरी मुखत्यारी तिच्याकडे होती.

ही पेटी रेडिओ ऐकत असे. वाचकांनी कृपया हे वाक्य अलंकारिक समजू नये. कोळशाची किंवा अणुशक्तीची विद्युत्केंद्रे रात्री मागणी घटली म्हणून लगेच मंद करता येत नाहीत. तेव्हा वाया जाणारी ती रात्रीची वीज स्वस्तात खपवावी, या विचाराने येथे 1978 साली 'इकॉनॉमी सेव्हन' नावाची सात तासांच्या स्वस्ताईची योजना निघाली, आणि जड विटा भरलेले हीटर घरोघर बसले, जे रात्री तापून घेतात आणि दिवसा ती उष्णता सोडतात. (दिवसा म्हणजे प्रामुख्याने सकाळी, आपण घराबाहेर पडत असताना. संध्याकाळी आपण कुडकुडत परत येतो तोपर्यंत त्यांचे औदार्य संपलेले असते.) साध्या योजनेत हे काम घड्याळावर भागते. परंतु ऐंशीच्या दशकात कोणा कल्पक अभियंत्यांनी असे ठरविले की, लाखो घड्याळांवर विसंबण्यापेक्षा एकाच ठिकाणाहून सर्वांना हुकूम सोडावा. आणि हुकूम सोडण्यासाठी सबंध बेटभर पोहोचणारी वस्तू आयतीच उपलब्ध होती, ती म्हणजे बीबीसीच्या रेडिओ फोरची दीर्घलहर.

ही लहर 198 किलोहर्ट्झची, म्हणजे लांबीने सुमारे दीड किलोमीटर. वुस्टरशायरमधील ड्रॉइटविच, मध्य स्कॉटलंडमधील वेस्टरग्लेन आणि आमच्याच परगण्यातील बर्गहेड, अशा तीन ठिकाणांहून ती निघत असे, आणि निवेदकाचा गंभीर आवाज वाहून नेत असतानाच तिच्या कलेत अतिसूक्ष्म फेरफार करून, सेकंदाला अवघे 25 बिट अशा राजेशाही संथपणाने, ती घराघरांतील मीटरांना आज्ञा देत असे. श्रोत्याच्या कानाला यातले काहीही कळत नसे. मध्यरात्रीनंतर निवेदक दर्यावर्दी लोकांसाठी वादळवाऱ्याचे वर्तमान वाचीत असे, आणि त्याच लहरीच्या पोटातून 'मोरेतील अमुक गटाचे हीटर चालू करावेत' असे फर्मान निघत असे. 2023 पर्यंत कसोटी सामन्यांचे समालोचनही याच लहरीवर होत असे; तेव्हा लॉर्ड्सवर आपला फलंदाज बाद झाल्याची वार्ता आणि आमच्या हौदातील पाणी तापविण्याचा हुकूम हे दोन्ही एकाच वाहनातून आमच्या घरी येत असत, आणि त्यांपैकी एकाचीच मी वाट पाहत असे. त्यातही उत्तर स्कॉटलंडचे वैशिष्ट्य असे की, येथे तास ठरीव नव्हते. उद्या थंडी किती पडेल याचा अंदाज पाहून विटा आज किती वेळ तापवायच्या हे कंपनी ठरवीत असे. मला किती ऊब लागेल हे माझ्या आधी कोणाला तरी कळते, ही जाणीव प्रथम अपमानास्पद वाटली. पहिल्या हिवाळ्यानंतर ती फारच सुखावह वाटू लागली.

अशा घरातून पुरवठादार बदलण्यास मी निघालो, तो केवळ मेहुण्यांचे तोंड बंद व्हावे या हेतूने. दर ताडून पाहण्याच्या प्रत्येक ठिकाणी पहिलाच प्रश्न असा की, आपले मीटर साधे आहे की इकॉनॉमी सेव्हन. आणि उत्तरादाखल दोनच चौकटी. जो या दोहोंत नाही तो या देशात राहतच नाही, असे गृहीत धरून पुढील कारभार चालतो. शेवटी एका कंपनीच्या कचेरीस दूरध्वनी केला. तेथील तरुण कारकुनाने अत्यंत सौजन्याने विचारले,

"आपल्याकडे इकॉनॉमी सेव्हन आहे का?"

"नाही."

"म्हणजे साधं मीटर."

"तेही नाही."

"मग काय आहे?"

"आमचं मीटर रेडिओ ऐकतं."

क्षणभर स्तब्धता पसरली. नंतर तो म्हणाला, "महाशय, आवाजाचा त्रास होत असेल तर तक्रार नगरपालिकेकडे करावी लागेल."

मी त्यास बिलावरचा क्रमांक वाचून दाखविला. विजेच्या प्रत्येक जोडणीला येथे 21 अंकांची एक जन्मपत्रिका असते. डाव्या अंगास मोठे 'एस' हे अक्षर, त्यापुढे पहिल्या घरात दोन अंकांचे गोत्र (01 म्हणजे साधे कुळ, 02 म्हणजे दिवस-रात्रीचा भेद पाळणारे), मग मीटरची वेळ कशी पालटते याचे तीन अंक, मग वाटेतील गळतीचे, आणि खालच्या ओळीत तेरा अंकी मुख्य क्रमांक, ज्याच्या आरंभीचे दोन अंक जन्मस्थान सांगतात. सरकारी अमदानीतील चौदा वीज मंडळे केव्हाच लयास गेली, परंतु त्यांचे चौदा इलाखे 10 ते 23 या अंकांच्या रूपाने प्रत्येक बिलावर अद्याप नांदत आहेत; आमचा इलाखा 17, उत्तर स्कॉटलंड. आता पत्रिका एक असती तर गुण जुळविता तरी आले असते. आमच्या घरी दोन मीटर म्हणून पत्रिकाही दोन, आणि त्याने मोठ्या उत्साहाने एकीचेच लग्न ठरविले. म्हणजे दिव्यांची कन्या नव्या घरी जाणार, हीटरची कन्या माहेरीच राहणार, आणि मी मात्र दोन व्याह्यांना दररोजचा स्थिर आकार निरनिराळा मोजीत बसणार. मी हरकत घेताच त्याने दुसरा तोडगा सुचविला: दोन्ही मीटर घेऊ, पण दर एकच लावू, साधा.

येथे कायद्याचा एक मौजेचा इतिहास सांगणे प्राप्त आहे. आमच्यासारखी आडवळणी मीटरे असलेल्या घरांना कोणी नवा पुरवठादार दारात उभे करीत नाही, ही गोष्ट स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या चौकशीत निष्पन्न झाली, आणि 2016 साली असा आदेश निघाला की, मोठ्या कंपन्यांनी अशा गिऱ्हाइकांना, मीटर बदलावयास न लावता, साधा एकेरी दर देऊ केलाच पाहिजे. ज्यांच्या घरी हीटर फारसे लागत नाहीत त्यांचे यात खरोखरीच कल्याण झाले. परंतु ज्याची निम्म्याहून अधिक वीज विटा तापविण्यात जाते, त्याच्या दृष्टीने या हक्काचा अर्थ एवढाच की, स्वस्त दर सोडून महाग दराकडे जाण्याची त्याची वाट आता राजमान्य झाली आहे. मी आकडेमोड करून तो कागद सौभाग्यवतींच्या पुढे ठेवला. "अहो," ती म्हणाली, "एवढं बिल भरून हीटर लावायचे, की हीटर बंद करून बिल भरायचं, ते आधी ठरवा, मग कंपनी ठरवू." बाजाराच्या स्वातंत्र्यावर याहून मार्मिक टीका माझ्या वाचनात नाही.

शेजारच्या आजीबाई या सगळ्याकडे करुणेने पाहत होत्या. 1943 साली स्थापन झालेल्या जलविद्युत मंडळाला येथील लोक 'हायड्रो' म्हणत. ते मंडळ गेले, त्याची कंपनी झाली, पण आजीबाई आजही 'हायड्रोचं बिल' भरतात आणि कंपनी बदलण्याची कल्पना त्यांना किंचित असभ्य वाटते. पुढे 2021 साली वायूचे भाव भडकून येथील पंचवीसहून अधिक पुरवठादार एकापाठोपाठ एक बुडाले, त्यांत मेहुण्यांचाही बुडाला, आणि नियामक संस्थेने त्यांना न विचारता त्यांची रवानगी दुसऱ्या कंपनीकडे केली, तेव्हा आजीबाईंच्या अर्थशास्त्राविषयी माझा आदर शतगुणित झाला. मेहुण्यांचा दूरध्वनी त्यानंतर बराच काळ आला नाही.

आले ते कंपनीचे पत्र. दीर्घलहरीवरील ही सेवा आता जराजीर्ण झाली असून तिची सामग्री मिळेनाशी झाली आहे. सबब 30 जून 2025 पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येईल, तत्पूर्वी मीटर बदलून घ्यावे, अन्यथा आपले हीटर कायमचे बंद किंवा कायमचे चालू राहण्याचा संभव आहे, असा त्याचा मथितार्थ. कायमचा गारठा किंवा कायमचा दाह! आमच्या पुराणकारांनी दोहोंसाठी स्वतंत्र नरक योजिले होते; येथे एकाच जिन्याखालच्या कपाटात दोहोंची सोय झाली.

अखेरीस एक तंत्रज्ञ आला. त्याने दोन्ही मीटरे आणि ती करडी पेटी उतरविली, आणि त्यांच्या जागी पाच टर्मिनलचे, हीटरची तार वेगळी हाताळणारे एकच चतुर मीटर बसविले. हे तरी हुकूम कोठून घेणार, असे मी विचारले. इंग्लंडच्या दक्षिण व मध्य भागांतील चतुर मीटरे भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून बोलतात, परंतु इकडे उत्तरेस डोंगरदऱ्यांमुळे ते जमत नाही, म्हणून येथे त्यांच्यासाठी लांब पल्ल्याची निराळी बिनतारी यंत्रणा उभारली आहे, असे तो म्हणाला. अर्थात रेडिओ काढला आणि रेडिओ बसविला. फरक इतकाच की, नव्याला वादळवाऱ्याचे वर्तमान आणि क्रिकेट यांत रस नाही.

आता पत्रिका एक झाली, म्हणून मेहुण्यांच्या आग्रहास्तव पुन्हा दर ताडून पाहिले. 2022 पासून कंपनी बदलण्याचे काम पाच कामकाजाच्या दिवसांत उरकते, हे खरे. परंतु हीटरचे तास पूर्वीप्रमाणे सांभाळून स्वस्त दर देणारी कंपनी आमच्या इलाख्यात मला अद्याप एकच आढळली आहे, आणि ती म्हणजे आमची जुनीच. तेव्हा माझा निकाल असा की, हा हक्क सरळ मीटरवाल्यांसाठीच निर्माण झाला आहे, आणि आडवळणी मीटरवाल्याने तो बिलाच्या मागच्या बाजूस वाचून स्वस्थ बसावे. वाचकांपैकी कोणी या बाजूस घर घेण्याच्या किंवा भाड्याने राहण्याच्या विचारात असेल, तर त्यास माझी एवढीच विनंती आहे: खिडकीतून समुद्र दिसतो की नाही हे पाहण्यापूर्वी जिन्याखालचे कपाट उघडावे, आत मीटरे किती आहेत ती मोजावीत, आणि जुन्या मालकाकडून गेल्या वर्षाची, हिवाळ्यासकट सर्व बिले मागून घ्यावीत.