फाइव्ह-नाइन

आमच्याकडच्या चहाला रविवारी फोर-सेव्हन मिळाले. बशी खाली ठेवत अण्णा म्हणाले, "आलं कळतंय. वेलची जरा क्यूआरएममध्ये बुडाली." हिने मला आत बोलावून विचारलं, "चांगलं म्हणाले की वाईट?" चांगलंच म्हणाले होते. मागच्या खेपेला थ्री-थ्री होते.

ज्यांच्या शेजारी हौशी रेडिओवाला राहतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की ही मंडळी हवेत एकमेकांना सापडली की आधी रिपोर्ट देतात. पहिला आकडा पाचापैकी, बोलणं किती कळतंय त्याचा. दुसरा नवापैकी, आवाजाला जोर किती त्याचा. आणि क्यूआरएम म्हणजे मध्येच घुसलेला दुसऱ्यांचा गोंगाट. ही पद्धत रेडिओपुरती ठेवायची असते, हे अण्णांना कोणी सांगितलेलं नाही. भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाने उखाणा घेतला. "फाइव्ह-टू. शब्द स्वच्छ, पण दम नाही." गणपतीत एक पुढारी अर्धा तास गरजले. "वन-नाइन," अण्णा माझ्या कानात म्हणाले. तेव्हापासून निवडणुका आल्या की मला दुसरा आकडा सुचतच नाही.

खुद्द अण्णांचं स्टेशन म्हणजे लाडवांच्या डब्यात बसवलेला ६ वॅटचा सेट. आमच्या जिन्यातला एलईडी दिवा ९ वॅटचा आहे; त्याच्याहून कमी वॅटमध्ये हा गृहस्थ फिनलंडला हाका मारतो. सेटचा आराखडा हैदराबादच्या अशर फरहान यांचा, नाव बिटेक्स. साध्या सुट्या भागांतून कोणालाही घरी जोडता यावा अशी त्याची रचना, इतकी की त्यांनी कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे प्लास्टिकचे वॉशर वापरले. अण्णांना हे कळलं आणि नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडचे वॉशर संपले. आमच्या मोरीतला नळ गळत राहिला, अण्णा मात्र सायबेरियापर्यंत पोचले.

गच्चीवर पाच-पाच मीटरच्या दोन तारा, मधून खाली आलेली केबल, एवढाच अँटेनाचा थाट. १४ मेगाहर्ट्झची लहर वीसेक मीटरची, तिच्या निम्मी तार पुरते. पुढचं काम आभाळाचं. वर शेकडो किलोमीटरवरचा आयनोस्फिअरचा थर लहर वळवून खाली धाडतो, जमीन ती परत वर टाकते, आणि टप्पे खात ती जग ओलांडते. सूर्यावर डाग जास्त तेव्हा हा थर जोमात. डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं असल्यामुळे अण्णांचा मूड पंचांगात बघून उपयोग नाही, दुर्बिणीतून बघावा लागतो. डाग ओसरले की ते जिन्यात ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

"ते १०० वॅटवाले ओरडतात, मी कुजबुजतो," असं ते अभिमानाने सांगतात. कुजबुजतो तो सेट. अण्णांचा आवाज खालच्या दुकानापर्यंत जातो. दुधवाल्याचा मुलगा शाळेत जाण्याआधीच इंग्रजी अक्षरं शिकला: "डेल्टा, ऑस्कर, माइक, ब्राव्हो, इंडिया, व्हिक्टर, लिमा, इंडिया!" म्हणजे डोंबिवली. काकू म्हणतात, "जगाला हे फाइव्ह-नाइन, घरात वन-वन. भाजी काय आणायची ते चारदा विचारावं लागतं."

त्यात इमारतीतल्या गोंगाटाशी त्यांचं युद्ध. स्वस्तातले चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर हे सगळे हवेत खरखर सोडतात. ती शोधायला अण्णा जुना ट्रान्झिस्टर कानाला लावून मजल्यामजल्यावरून फिरतात. खरखर वाढली की ते दार वाजतं. "तुमचा चार्जर बोंबलतोय." भाड्याने राहायला आलेलं एक नवं जोडपं त्यांना वीज कंपनीचा माणूस समजून बिल दाखवत होतं.

एवढा खटाटोप करून बोलतात काय, हे ऐकायला मी एकदा शेजारी जाऊन बसलो. तासभर हाका मारल्यावर जपानमधून कोणीतरी सापडलं. नाव, गाव, रिपोर्ट, हवामान. तिकडे पाऊस, इकडे उकाडा. सेव्हंटी-थ्री, म्हणजे नमस्कार. संपलं! "एवढंच?" मी म्हणालो. वहीत वेळ टिपत अण्णा म्हणाले, "समोरच्या ब्लॉकशी तुम्ही एवढं तरी बोलता का?"

पुतण्याने त्यांना लॅपटॉपवर एफटी-एट घालून दिलं. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ ज्यो टेलर यांचा हात लागलेली ही पद्धत २०१७ मध्ये आली. १५-१५ सेकंदांच्या पाळीने कॉम्प्युटरच आपसात बोलतात, खरखरीत गडप झालेला संदेशही उकलतात आणि रिपोर्ट डेसिबलमध्ये देतात. अण्णांना पहिलाच रिपोर्ट आला उणे एकोणीस. वाटलं, चिडतील. उलट खूश! "यंत्र निदान खोटं बोलत नाही." पण संध्याकाळी बंद करून ठेवलं. त्यावर पाऊसपाणी विचारता येत नाही.

खोट्या रिपोर्टची त्यांना मनस्वी चीड. स्पर्धेच्या दिवशी जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, घाईघाईत सरसकट फाइव्ह-नाइन वाटतात. "तुम्ही फाइव्ह-नाइन, नाव परत सांगा, ऐकू आलं नाही," हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. अण्णा थ्री-फोरला थ्री-फोरच म्हणणार, मग समोरच्याने रागावून गाठ पडल्याच्या पोचेचं कार्ड नाही पाठवलं तरी बेहत्तर. सोसायटीच्या सभेत "हिशेब मंजूर?" म्हटल्यावर आम्ही सगळे माना डोलावतो. पाण्याच्या टाकीच्या खर्चाला उभं राहून टू-टू देणारा हा एकटाच. टाकीचा हिशेब पुढे खरंच चुकीचा निघाला, हे नाइलाजाने नोंदवतो.

आणि २००४चा डिसेंबर. भारती प्रसाद नावाच्या हॅम पोर्ट ब्लेअरहून हवेत आल्या होत्या. अंदमानातून हौशी केंद्र चालणं दुर्मीळ, त्यामुळे जगभरचे हॅम तुटून पडलेले. अण्णांकडे तेव्हाही असलाच किडुकमिडुक सेट. रोज हाका मारायचे, रोज त्या झुंबडीत चिरडले जायचे. २६ तारखेला त्सुनामी आली. बेटांवरचे फोन कोलमडले आणि कार्डं जमवणाऱ्यांसाठी उभं केलेलं तेच केंद्र मदतीच्या निरोपांना जुंपलं गेलं. अण्णांनी माइकची पिन उपसून सदऱ्याच्या खिशात टाकली. चुकून बटण दाबलं जाऊन आपल्यामुळे कोणाचा निरोप बुडायला नको. मग हेडफोन लावून नुसते बसून राहिले. काकूंनी जेवायला हाक मारली तरी हातानेच खूण. त्या आवाजाला किती दिले, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्या वर्षी अंदमान काही त्यांच्या वहीत आलं नाही.

तेव्हा तुमच्या इमारतीत असा कोणी ट्रान्झिस्टर कानाला लावून दारात उभा राहिला, तर हुज्जत घालू नका. चार्जर काढा. दहा मिनिटांनी परत लावा. न्यूझीलंड तेवढाच वेळ असतं.