एक कोयता, न्यू जर्सी

दिवाळी सरली की आमच्या धारूरकडून दोन गाड्या सुटतात. ट्रॅक्टरमध्ये पत्रे, चूल, कोंबड्या आणि लेकरं घालून ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघते. आणि भाड्याच्या जीपमध्ये तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा घालून आमचे गुरुजी न्यू जर्सीकडे. मुक्काम दोघांचाही सहा महिन्यांचा.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पूर्वी जिथं शिट्टी लटकायची तिथं आता पासपोर्टचा पाऊच. बीड शहराला रेल्वे दिसली 17 सप्टेंबर 2025 ला; तोवर गुरुजींच्या विमानाच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. केज, अंबाजोगाई, माजलगाव, कुठंही जा, असा एक गुरुजी पारावर भेटतोच. मुलगा तिकडं, पेन्शन इकडं, आणि जीव दोन्हीकडं.

व्हिसा हा गुरुजींचा आवडता धडा. "थायलंड बरा," ते सांगतात. "वयाची पन्नाशी आणि बँकेत आठ लाख बाट दाखवा, निवृत्त माणूस म्हणून वर्षभर राहा. पुढं दर वर्षी मुदतवाढ. फक्त दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा, म्हणजे हजेरीच! अमेरिकेत निवृत्ताला असा खास व्हिसाच नाही. तिथं पाहुणा म्हणून जायचं आणि पाहुण्यासारखं उठायचं."

मग कुणीतरी हमखास विचारतं, "पण गुरुजी, तुमचा व्हिसा तर धा वर्षांचाय म्हणं?"

"एस.टी.चा महिन्याचा पास काढला म्हणून महिनाभर गाडीतच बसून राहतोस का रे? दहा वर्षं जा-ये करायची. एका खेपेला किती राहायचं, ते विमानतळावरचा साहेब ठरवतो. बहुतेक सहा महिने."

मुलाखतीला गुरुजी मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत गेले, त्याची तयारी बोर्डाच्या परीक्षेसारखी झाली. मुलगा रोज रात्री फोनवर घोकून घ्यायचा. "बाबा, कशाला येताय म्हणून विचारलं तर 'नातवाला सांभाळायला' म्हणायचं नाही. 'भेटायला' म्हणायचं. सांभाळणं म्हणजे काम, आणि पाहुण्याला तिथं कामाला बंदी." चौतीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाला एका क्रियापदाची किंमत तेव्हा कळली. काकूंना, म्हणजे गुरुजींच्या बायकोला, ते काही पटेना. "आजीनं भेटायचं म्हणजे काय दारातून बघून माघारी यायचं?"

माणूस परत येणार नाही असं गृहीत धरूनच तिथं प्रश्न सुरू होतात. येणार, हे आपण पटवायचं. म्हणून गुरुजींनी फाइलमध्ये सातबारा, आठ-अ, पेन्शनचा आदेश आणि घरपट्टीची पावती लावली होती. मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो बाहेर, तिथंच काकूंचा धीर सुटलेला. काचेपलीकडच्या बाईनं चार प्रश्न विचारले, फाइलकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि पासपोर्ट ठेवून घेतले. गुरुजींना आनंदापेक्षा वाईट जास्त वाटलं. तलाठ्याकडं तीन चकरा मारून आणलेला सातबारा असा कोराच परत आला!

नोव्हेंबर तर दुहेरी परीक्षेचा. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा. त्यामुळं गुरुजी एक तारखेला बँकेत जिवंत असल्याची सही करतात आणि दोन तारखेला निघतात. त्यांचं म्हणणं, "इथं जिवंत असल्याचा पुरावा द्या, तिथं परत जाणार असल्याचा. माणूस म्हणून कुणाचाच विश्वास नाही."

एकदा मुक्काम वाढवायची वेळ आली. सुनेची रजा संपलेली, पाळणाघरात नंबर लागेना. अर्ज मुदत संपायच्या आत, शक्यतो 45 दिवस आधी भरायचा असतो. गुरुजींनी मजकूर स्वतः लिहिला: 'विषय: मुक्काम वाढवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये...' मुलानं डोक्याला हात लावला आणि नातवाचा पहिला वाढदिवस बघायचाय, एवढंच इंग्रजीत टाकलं. ऑनलाइन फी निघाली 420 डॉलर. "आकड्यावरूनच मला शंका आली होती," गुरुजी म्हणतात. निकाल लागला तेव्हा वाढदिवस उरकून गुरुजी धारूरला पारावर बसलेले होते.

परवा पारावर त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. ऊसतोडीला जातो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ऊसतोडीच्या भाषेत हिशोब मांडला. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

"म्हंजी गुरुजी, तुमी आन् काकू मिळून एक कोयता. उचल किती घेतली?"

"दोन तिकिटं."

"मुकादम?"

"पोरगा."

"राहायला कोपी?"

"तळघर. पण गरम पाणी चोवीस तास."

"खाडा धरतेत का?"

गुरुजी हसले. "एक दिवस सर्दीनं झोपलो, तर सुनेला रजा टाकावी लागली. तिचा खाडा झाला, माझा नाही."

पार हसला, गुरुजी मात्र एकदम गप्प झाले. नोकरीत असताना दर दिवाळीला ते टोळ्यांच्या ट्रॅक्टरसमोर उभे राहायचे. "लेकरं नेऊ नका रे, शाळा बुडते. आज्याजवळ ठेवा, नाहीतर हंगामी वसतिगृहात घाला." कैक लेकरं त्यांनी अशी उतरवून घेतली. हा विद्यार्थी त्यातलाच. आता तो जातो तेव्हा त्याची पोरं आज्याजवळ गावात राहतात. आणि गुरुजींच्या नातवाला आजा हवा, तर आज्यालाच हंगामाला जावं लागतं.

"गुरुजी," तो उठता उठता म्हणाला, "आमचं बरंय. आमाला परत येणार का म्हणून कुणी इचारत नाही."

तेव्हा तालुक्यातल्या ज्या आई-वडलांना व्हिसाचा अर्ज भरायचाय, त्यांनी अक्षय्य तृतीयेनंतर पारावर यावं. तोवर टोळ्याही परतलेल्या असतात आणि गुरुजीही. फी नाही, एक चहा पुरे. येताना सातबारा आणला नाही तरी चालेल. 'सांभाळणे' हे क्रियापद मात्र घरी ठेवून यावं.