आठ वॅटवाला

व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर गाणे ऐकणाऱ्यांपैकी जो शंभर वॅटचे नाव निघताच कानांवर हात ठेवतो, तो आठ वॅटवाला. हा आकडा त्याला ३००बी या व्हॉल्व्हने दिला. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये काढलेला हा ट्रायोड चॅनेलला एकेक लावला, की साधारण आठ वॅट मिळतात. या जमातीत २ए३ लावणारे साडेतीन वॅटवाले आणि ४५ लावणारे दोन वॅटवाले असे पोटभेद आहेत. ज्याचे वॅट कमी, त्याचा मान मोठा. एकूण जमात अल्पसंतुष्ट मानली जाते. हा समज स्पीकर घेण्याची वेळ येईपर्यंत टिकतो.

स्पीकरला एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ती त्याची संवेदनशीलता. फळीवर मावणाऱ्या स्पीकरची ८६च्या आसपास असते. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात, दहाने वाढवायचा तर दसपट. त्यामुळे ८६ डेसिबलचा स्पीकर शंभर वॅट पिऊन जेवढा आवाज काढतो, तेवढा ९७ डेसिबलचा स्पीकर आठ वॅटमध्ये काढतो. हे गणित पाहुण्याच्या हातातला पाण्याचा पेला रिकामा होण्यापूर्वी सांगून झालेले असते. घरात ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा लागत नाही, असेही पाहुण्याला कळते, आणि ते खरे आहे. बाकीचे सात वॅट तबल्यासाठी राखीव असतात. आलाप चालू असेतो कोणताही स्पीकर निभावून नेतो. समेवर जोरकस थाप पडली, की क्षणभर सरासरीच्या कित्येक पट वॅट लागतात. स्पीकर ८६चा असेल, तर ती थाप चपटी होऊन बाहेर पडते.

पूर्वी ही अडचण नव्हती. १९३०च्या दशकात वॅट महाग होते, म्हणून स्पीकर कार्यक्षम असत. मोजक्या वॅटवर अख्खे चित्रपटगृह बोलके होई. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून त्यांनी लहान पेटीतून खोल खर्ज काढला आणि त्याची किंमत कार्यक्षमतेने मोजली. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले, तेव्हा त्या किमतीची आठवणही कोणाला राहिली नाही. केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा, की कार्यक्षमता, खोल खर्ज आणि लहान पेटी यांपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. आठ वॅटवाल्याला कार्यक्षमता सोडता येत नाही आणि खर्ज सोडवत नाही. राहता राहिला लहान पेटीचा आग्रह; तो मुळात त्याचा नसतोच, घरातल्या इतरांचा असतो.

त्याच्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात. पहिली, सगळे सूर एकाच शंकूतून काढणारा स्पीकर. इंग्लंडचा लाउदर त्यातला नामांकित. मध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नसल्यामुळे गळा आणि सारंगी समोर बसल्यासारखी वाटतात. बायाचा घुमारा मात्र कमी पडतो. अशा घरातून पखवाजाच्या तबकड्या हळूहळू दिसेनाशा होतात, आणि मालकाची आवड गायकीकडे वळली असे सांगण्यात येते.

दुसरी वाट कर्ण्याची. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातील होप या गावी १९४६ मध्ये क्लिप्शहॉर्न विकायला सुरुवात केली. त्याची संवेदनशीलता शंभराच्या पुढे. खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीच कर्ण्याचा पुढचा भाग होतात. स्टीरिओसाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे रिकामे लागतात. फ्लॅटमध्ये त्यांपैकी एकात शोकेस असते आणि दुसऱ्यात दार. मांडवातल्या कर्ण्याबद्दल आठ वॅटवाल्याचे मत अत्यंत वाईट असते. तोच सिद्धान्त सागवानात आणि स्वखर्चाने घरात आला, की ते बदलते.

तिसरी वाट चित्रपटगृहांतून येते. अल्टेकच्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिकेतल्यासारख्या पेट्या, पंधरा इंची वूफर आणि वर कर्णा. त्या लांबून ऐकण्यासाठी बनवलेल्या असतात. दहा बाय बाराच्या खोलीत पुरेसे लांब जायचे, तर स्वयंपाकघरात बसावे लागते.

डेसिबल जमले, तरी ओहम पाहावे लागतात. फीडबॅक नसलेल्या अशा अ‍ॅम्प्लिफायरचा अंगचा रोध मोठा असतो. स्पीकरचा रोध सुरागणिक वरखाली झाला, की आवाजही त्यापाठोपाठ वरखाली होतो. म्हणून ‘आठ ओहम’ या छापील आकड्यावर न थांबता रोधाचा आलेख मागावा, तो जितका सपाट तितका बरा. दुकानदार आलेखाऐवजी सवलत देऊ करतो.

कार्यक्षम स्पीकर गाण्याबरोबर अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुणही तितक्याच कार्यक्षमतेने ऐकवतो. फिलामेंटला एसीऐवजी डीसी दिल्यास ती कमी होते. तोवर, ‘गाणे चालू असताना ती ऐकू येत नाही’, हे उत्तर तयार असते. काटकसरीचे म्हणाल, तर ती फक्त स्पीकरच्या तारेत असते. क्लास ए पद्धतीमुळे हा अ‍ॅम्प्लिफायर गाणे बंद असतानाही भिंतीतून शंभराहून अधिक वॅट ओढत राहतो, आणि महावितरणचे बिल डेसिबलमध्ये येत नाही.

एवढे सगळे जुळले, की स्पीकर शंभर डेसिबलच्या पुढे गेलेला असतो आणि आठ वॅट उधळपट्टी वाटू लागतात. मग २ए३ येतो, त्यासाठी आणखी मोठा कर्णा येतो, त्यानंतर ४५. वॅट निम्मे झाले, की पेटी वाढते. ही साखळी पैसे संपल्याने क्वचितच थांबते. ती खोली संपली की थांबते.