उंदराला उलटी प्रदक्षिणा

परदेशात घर केलेल्या माणसाला पोटापाण्याची नोकरी एक आणि पाहुण्यांना गाव दाखवायची नोकरी दुसरी. पहिलीत मला गेल्या कित्येक वर्षांत बढती मिळालेली नाही. दुसरीत मात्र मीच मला बढत्या देत देत फार वर पोचलो आहे.

मी राहतो टोकियोच्या पूर्व अंगाला, निशी-कासाईत. सन २००० च्या तोंडावर संगणकांच्या तारखांचं लचांड निघालं, ते निस्तरायला भारतातून इंजिनियर आले आणि तोझाई लाइननं ओतेमाचीच्या बँकांत थेट जाता येतं म्हणून या भागात राहिले. आता इथं कढीपत्ता मिळतो, तूरडाळ मिळते, आणि आमच्या एदोगावा वॉर्डानं २०१९ साली योगेंद्र पुराणिकांना सभागृहात निवडून दिलं. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला अख्खा जपान पाठ असणार, असा मिरजेकडच्या नातेवाइकांचा समज आहे. तो मी कधी खोडून काढलेला नाही.

मार्गदर्शक म्हणून माझी काही तत्त्वं आहेत. वाट कुणाला विचारायची नाही. बसनं जायचं नाही, रेल्वेनंच जायचं. आणि पैसे मोजून कुठंही आत शिरण्यापूर्वी ती जागा बाहेरून नीट पाहून घ्यायची. हे शेवटचं तत्त्व इतकं उपयोगी ठरलं आहे, की बहुतेक ठिकाणी पुढं आत जायची वेळच येत नाही.

मावशी आणि काका आले तेव्हा ही तत्त्वं ऐन बहरात होती. काका रेल्वेत गार्ड होते. नोकरीला लागले तेव्हा मिरज-पंढरपूरची बार्शी लाइट अजून अडीच फुटी रुळांवरून धावत होती. त्यामुळं टोकियोत उतरल्यावर त्यांनी बुलेट ट्रेनही पाहिली नाही आणि गगनचुंबी इमारतीही. ते फलाटाच्या कडेला वाकून रूळ बघत बसले.

"हे मीटर नव्हे, ब्रॉड नव्हे," ते म्हणाले. "साडेतीन फूट असेल."

"छे, हा जगभरचा स्टँडर्ड गेज," मी सांगून टाकलं.

रात्री फोनवर बघितलं तर जपानच्या साध्या गाड्यांचा गेज १०६७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन फूट. स्टँडर्ड गेज बुलेट ट्रेनचा. काका झोपले होते, म्हणून उठवलं नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना यामानोते लाइन दाखवली. टोकियोच्या पोटातून फिरणारी ही वर्तुळाकार रेल्वे, साडेचौतीस किलोमीटर, तीस स्टेशनं, एक फेरा साधारण तासाभरात. तिच्या भाड्यात एक गंमत आहे. तेच स्टेशन दुसऱ्यांदा ओलांडलं नाही, तर तुम्ही कितीही लांबून फिरून आलात तरी भाडं जवळच्या रस्त्याचंच पडतं. मी टोकियो स्टेशनला बसवलं, जवळजवळ सगळा फेरा मारला आणि शेजारच्या कांदा स्टेशनला उतरवलं. एका स्टेशनाच्या पैशात राजधानी! वाटेत तोंडाचा पट्टा चालूच होता. "त्या इमारतीच्या मागं शिबुयाचा तो प्रसिद्ध चौक. त्या झाडांच्या मागं मेइजी देवस्थान. हे शिंजुकू, जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन."

"आपण उतरायचं कधी?" मावशीनं विचारलं.

"उतरलं की भाडं वाढतं."

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, "गाडी उजवीकडं वळत चालली आहे ना?" मी हो म्हटलं. यामानोतेच्या बाहेरच्या रुळावरची गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, आतल्या रुळावरची उलटी. आमची बाहेरची होती. मावशीनं समाधानानं हात जोडले. "मग प्रदक्षिणा घडली. कळस लांबून दिसला तरी वारी पोचते." चाळीस वर्षं पंढरीची वारी केलेली बाई. गाभाऱ्याची रांग हलत नसली की मुखदर्शनावर भागवायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. इतकं समजूतदार गिऱ्हाईक मला आजवर लाभलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डिस्नेलँड. "नातवानं सांगितलंय, मिकीला बघून ये," मावशी म्हणाली. "गणपतीला सोडून नुसत्या उंदराचं एवढं मोठं देवस्थान मी तरी ऐकलं नव्हतं."

निघताना बायको म्हणाली, "कासाईहून थेट बस आहे. अर्ध्या तासाचं काम." मी हसलो. ज्या गावाला रेल्वे जाते, तिथं बसनं जाणं हा काकांच्या उभ्या नोकरीचा अपमान झाला असता. काका हळूच म्हणाले, की मला बस चालते. पण मान कुणी आपणहून मागत नसतो, तो आपण द्यायचा असतो.

तर, टोकियो डिस्नेलँड हे टोकियोत नाहीच. ते शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासूला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आहे. १५ एप्रिल १९८३ला ते उघडलं; अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड. २००१ साली त्याला लागून डिस्नेसी आलं. तिथलं स्टेशन माइहामा, आणि तिथं जाणारी केइयो लाइन टोकियो स्टेशनातून सुटते. पण टोकियो स्टेशन आणि केइयोचे फलाट यांचा संबंध लांबच्या भाऊबंदकीइतकाच आहे. नारिता विमानतळाला बुलेट ट्रेन न्यायची एक योजना होती. ती बासनात गेली, आणि तिच्यासाठी राखलेली जमिनीखालची जागा केइयोला मिळाली. म्हणून उतरायचं, खाली जायचं, सरकत्या पट्ट्यांवरून चालायचं, पुन्हा खाली जायचं. हा सगळा इतिहास मी चालता चालता सांगत होतो.

"म्हणजे आपण युराकुचोच्या जवळ आलो की," काका म्हणाले. ते स्टेशनवरचा नकाशा वाचत होते. ही वाईट सवय त्यांना रेल्वेनं लावली होती.

खाली फलाटावर एक गाडी उभी होती. मऊ खुर्च्या, मागं रेलायची सोय, आणि बसायला भरपूर जागा. मी दोघांना आत ढकललं.

"ही लोकल नव्हे," काका दारातच थांबले. "पॅसेंजर गाडीला अशा खुर्च्या देतात होय?"

"जपानमध्ये देतात, काका."

गाडी सुटली. काकांनी खिडकीतून गार्डकडं पाहिलं. जपानी रेल्वेत कर्मचारी प्रत्येक सिग्नलकडं, घड्याळाकडं बोट दाखवून मोठ्यानं बोलतात. डोळे, हात आणि तोंड तिन्ही कामाला लावले की चूक कमी होते. काकांना हे फार आवडलं होतं. त्यांनीही बोट वर केलं, दाराच्या वरच्या पाटीकडं रोखलं आणि मोठ्यानं म्हणाले, "एक्स्प्रेस!" मी मनाशी म्हटलं, म्हातारपण.

गाडी जमिनीवर आली. उजवीकडं समुद्राच्या बाजूला कासाई-रिंकाई बागेतला ११७ मीटर उंच पाळणा आला. तो दाखवून मी म्हणालो, "आता नदी ओलांडली की माइहामा. उठा, दाराशी उभं राहू." आम्ही उठलो. नदी आली. सिंड्रेलाचा किल्ला आला. फलाट आला, फलाटावर मिकीच्या कानांच्या टोप्या घातलेली पोरं आली, आणि सगळं एका दमात मागं निघून गेलं. गाडी तसूभरही मंदावली नाही.

"छान दिसलं," मावशी म्हणाली. "आता?"

आता तिकीट तपासनीस आला. ती वाकाशिओ नावाची मर्यादित थांब्यांची एक्स्प्रेस होती, बोसो द्वीपकल्पाकडं निघालेली, आणि तिला वेगळं तिकीट लागतं. ते आधी काढलं तर स्वस्त, गाडीत काढलं तर महाग. तो कमरेत वाकला, त्यानं अतिशय अदबीनं तिघांचे पैसे घेतले आणि पुन्हा वाकला. काकाही उठून वाकले, आणि मग मराठीत त्याला म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही." दोघांची नजरानजर झाली. एका सेकंदात त्यांनी माझ्याविषयी जे काही एकमेकांना सांगितलं, त्याला भाषेची गरज नव्हती.

टोकियोहून माइहामा पावणेतेरा किलोमीटर. आम्ही उतरलो काइहिन-माकुहारीला, बत्तीसाच्या आसपास. तिथं मोठी प्रदर्शन-केंद्रं आहेत आणि बेसबॉलचं मैदान आहे. तीही मी बाहेरून दाखवली. मी बाकीच्या मार्गदर्शकांपेक्षा वेगळा आहे तो असा. डिस्नेलँडच्या नावाखाली अख्खी केइयो लाइन दाखवणारा दुसरा कोण आहे?

परतीच्या लोकलमध्ये चढण्यापूर्वी काकांनी स्टेशन मास्तरच्या खिडकीशी जाऊन एकच शब्द उच्चारला, "माइहामा?" आणि बोट रुळांकडं केलं. आतल्या माणसानं दोन बोटं दाखवली. काकांनी दोन बोटं दाखवली. माझ्या पहिल्या तत्त्वाचा हा उघड भंग होता, पण वडीलधाऱ्यांना काय बोलणार?

माइहामाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. तिकीट दारावर मिळेल हे मी गृहीत धरलं होतं. डिस्नेलँडची तिकिटं तारीख घालून ऑनलाइन विकली जातात, दिवस बघून सात हजार नऊशेपासून दहा हजार नऊशे येनपर्यंत, आणि त्या दिवसाची केव्हाच संपली होती. तिकिटाची किंमत रुपयांत सांगितली तेव्हा मावशीला हायसं वाटलेलं मी स्पष्ट पाहिलं. माझ्या तिसऱ्या तत्त्वाला याहून मोठी पावती कोणती?

"बाहेरून चक्कर मारणारी मोनोरेल आहे," मी म्हणालो. ही डिस्ने रिसॉर्ट लाइन. चार स्टेशनं, पाच किलोमीटरचं वर्तुळ, जेमतेम पंधरा मिनिटांत एक फेरा. खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, धरायचे कडेही तसलेच. तिचंही तिकीट पडतं, पण ते सोसवण्यासारखं. आम्ही बसलो. एका बाजूला किल्ला, दुसरीकडं समुद्र आणि हॉटेलं, मग डिस्नेसीचा ज्वालामुखी. मावशीनं खिडकीच्या मिकीला हात लावून तो कपाळाला लावला.

मग ती एकाएकी ताठ झाली.

"अरे, ही डावीकडं वळतेय."

"वळू दे की."

"म्हणजे देव उजव्या हाताला राहत नाहीये. उलटी प्रदक्षिणा घडतेय! दुसऱ्या बाजूची गाडी कुठाय?"

दुसऱ्या बाजूची गाडी नाही. ही मोनोरेल एकेरी आहे, आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या उलटच फिरते. तिचा जन्मच तसा आहे. मी हे समजावून सांगितलं. मावशीला पटलं नाही. काकांनी बराच वेळ विचार करून तोडगा काढला: आपण इंजिनाकडं पाठ करून बसू. दोघं उलट्या तोंडानं बसले, तेव्हा किल्ला त्यांच्या उजव्या हाताला आला, आणि मग मावशीनं पुढचे फेरे निश्चिंतपणे घातले. आमच्या समोरच्या जपानी कुटुंबातल्या आजीबाईंनी हे निरखून पाहिलं आणि काही एक न विचारता त्याही फिरून बसल्या.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "डिस्नेलँड कसं वाटलं?" मावशी म्हणाली, "एकदा गाडीतून, दोनदा-तीनदा वरून. पोट भरलं." हे मला प्रशस्तिपत्रच वाटलं. बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन मी इथं करणार नाही.

मिरजेला गेल्यावर मावशीनं भिशीतल्या बायकांना सगळं सांगितलं असणार, कारण आता अकरा जणी येत आहेत. कार्यक्रमपत्रिका व्हॉट्सअॅपवर आली आहे. मार्गदर्शक: मावशी. पहिला दिवस: यामानोते, बाहेरचा रूळ, बसायचं टोकियोला, उतरायचं कांदाला. दुसरा दिवस: कासाईहून बस, तिकिटं ऑनलाइन काढलेली, आत जायचं. पाण्याच्या बाटल्या आणि छत्र्या या सदरापुढं माझं नाव आहे. शेवटी काकांनी ठळक अक्षरांत सूचना टाकली आहे: गाडीत चढण्यापूर्वी ती कुठं थांबते हे स्टेशनवरच्या माणसाला विचारावं, आपल्या माणसाला विचारू नये.

मी रजा मंजूर करून घेतली आहे. एवढ्या बायका परक्या देशात येणार, तर बरोबर कुणीतरी माहितगार हवाच.