हार्वर्डच्या निधिपालांस विनंतीपत्र

राजमान्य राजश्री, हार्वर्ड विद्यापीठाच्या अक्षयनिधीचे कारभारी यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या हवाली असलेला निधी २०२१ साली ५,३२० कोटी डॉलरांवर गेल्याचे वाचून आम्ही हे पत्र लिहावयास बसलो, त्यात असूयेचा अंश मुळीच नाही. कारण ज्यांच्या विद्यापीठांची पुंजी बँकांच्या मुदतठेवींत निवांत पहुडलेली असते, त्या आम्हांस एवढ्या द्रव्यापाठोपाठ येणाऱ्या धर्मसंकटांची कल्पनाही करवत नाही.

तेल आणि कोळसा यांच्या कंपन्यांतून विद्यापीठाचा पैसा काढून घ्यावा, असा धोशा विद्यार्थ्यांनी लावला, तेव्हा तत्कालीन अध्यक्षा ड्रू फाउस्ट यांनी २०१३ च्या ऑक्टोबरात जो निवाडा दिला, तो आमच्या संग्रही आहे. निधी विद्येच्या पोषणासाठी असतो, समाजात वा राजकारणात परिवर्तन घडविण्याचे हत्यार म्हणून नव्हे, असे सांगून, ज्यांचा माल आपण सारे रोज वापरतो त्यांच्यावरच बहिष्कार घालणे विसंगत होय, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. हा युक्तिवाद आम्हांस इतका पटला, की १९९० साली तंबाखूच्या कंपन्यांचे समभाग विकण्याचे ठरविण्यापूर्वी आपल्या समस्त प्राध्यापकवर्गाने आपापले चिरूट विझविले असले पाहिजेत, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

हवेत कार्बनवायू साठत चालल्याचे रॉजर रेव्हेल यांनी आपल्याच विद्यापीठात १९६० च्या दशकात शिकविले, आणि ते ऐकणाऱ्यांत अल गोर नावाचा एक विद्यार्थी होता, हे सर्वश्रुत आहे. तेच व्याख्यान चार्ल्स नदी ओलांडून बॉस्टनमधील आपल्या कचेरीत पोहोचावयास अर्धशतक लागले. परंतु विद्या मुरावी लागते, हे न उमजणाऱ्या तरुणांनी २०१९ साली येलविरुद्धच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात, पैसा काढून घेण्याच्या त्याच मागणीसाठी, थेट मैदानातच बसकण मारली, आणि तीही उभय विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी एकजुटीने! इतर कोणत्याही विषयावर या दोघांचे एकमत झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

मात्र खरे कौशल्य २०२१ च्या सप्टेंबरातील जाहीरनाम्यात आहे. नवे खनिज इंधन शोधणाऱ्या कंपन्यांत निधीची प्रत्यक्ष गुंतवणूक उरलेली नाही, आणि पुढेही करण्याचा मानस नाही, असे अध्यक्ष लॉरेन्स बॅकॉ यांनी कळविले. जी काही उरली होती ती खाजगी भांडवली फंडांच्या मार्फत असून निधीच्या दोन टक्क्यांहून कमी होती, आणि त्या भागीदाऱ्यांची मुदत सरेल तसतशी आपोआप सरणार होती. दोन टक्के म्हणजे या निधीच्या हिशेबाने शंभर कोटी डॉलरांच्या घरातली रक्कम, हा क्षुद्र तपशील आम्ही येथे केवळ अंकगणिताच्या प्रेमाखातर नोंदवीत आहो. बोकड शेजाऱ्याच्या चुलीवर शिजवून घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघराचे सोवळे अबाधित राखणारे माळकरी आमच्याकडेही आहेत. पण रश्श्याचा टक्का काढून तो जाहीर करण्याचा प्रामाणिकपणा त्यांना कधी सुचला नाही, यात आपले श्रेष्ठत्व आहे.

ब्राझीलमधील शेतजमिनी व कॅलिफोर्नियातील द्राक्षमळे आपण खरेदी केले, त्याविषयी आम्ही मौन पाळतो. जमीनजुमला आणि विहिरी ज्याच्या पदरी, त्याला तहानेविषयी विचारू नये, एवढा शिष्टाचार कुळकायदा झालेल्या प्रांतातल्या माणसास अवगत असतो.

आता मूळ अर्ज. संपूर्ण निधी २०५० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनावर आणण्याचा संकल्प आपण २०२० मध्येच सोडला आहे. तरी या मुदतीची एक प्रमाणित नक्कल बॉस्टनच्या बंदरातील समुद्रावर रीतसर बजावावी, पाणी त्यापूर्वी पायरी चढल्यास तो बेकायदा प्रवेश समजण्यात येईल असे त्यास स्पष्ट कळवावे, आणि पोच मिळाल्यावर तिची एक प्रत आम्हांकडे पाठवावी. कारण मुंबईचा समुद्रही हल्ली असाच कागदपत्रांची पर्वा न करता वागू लागला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक मुदतठेवधारक