वॅटसाहेब

आमच्या कॉलनीत कुणी गेमिंग लॅपटॉप घेतला, तर तो रात्री साडेनऊनंतर घरात आणतो. दिवसाउजेडी आणला तर वॅटसाहेबांच्या नजरेस पडतो. अठरा इंची लॅपटॉपचं खोकं पोत्यात घातलं तरी झाकत नाही आणि साहेबांची गॅलरी नेमकी फाटकासमोर. ते वरूनच ओरडतात, "अभिनंदन! टीजीपी किती?"

घेणाऱ्याला वाटतं, हा जीएसटीचाच कुणीतरी भाऊबंद. तो बिचारा सांगतो, "सगळं धरून एक लाख बेचाळीस."

"ते तुम्ही दिलेत. तुम्हाला मिळालं किती, ते विचारतोय."

टीजीपी म्हणजे टोटल ग्राफिक्स पॉवर. लॅपटॉपातल्या ग्राफिक कार्डाला जास्तीत जास्त किती वॅट वीज ओढायची परवानगी आहे, त्याचा आकडा. कार्डाचं नाव खोक्यावर ठसठशीत असतं, हा आकडा कुठेतरी तळटिपेत सापडतो. साहेबांचा जन्मच तळटिपा वाचण्यासाठी झालाय. हुद्द्यानं ते सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पतसंस्था आणि दूध संस्था तपासण्यात त्यांची उमेद गेली. ताळेबंद ते शेवटच्या पानापासून वाचायला घेतात. चेअरमननी चहा मागवला तर तो कुठल्या खात्यातून आला हे कळेपर्यंत कपाला हात लावत नाहीत, आणि कळेपर्यंत तो थंड झालेला असतो. आयुष्यभर थंड चहा प्यायलेला माणूस खोक्यावरच्या नावाला भुलेल कसा?

पण एकदा भुलले होते. २०२१ साली त्यांनी स्वतःसाठी चांगला चपटा, चंदेरी लॅपटॉप घेतला. त्यात आरटीएक्स ३०७०. त्याच महिन्यात पुतण्यानं आरटीएक्स ३०६० वाला घेतला, काळा, जाड, दिसायला पाट्यासारखा आणि बराच स्वस्त. रविवारी दोन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर मांडून चाचणी लावली. पुतण्याचा लॅपटॉप पुढे गेला. साहेबांना वाटलं, प्लग सैल असेल. पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग त्यांनी दोन्ही लॅपटॉप उलटे करून खाली पाहिलं. शेवटी सगळे कागद बाहेर काढले, तेव्हा उलगडा झाला. साहेबांच्या ३०७० ला ८० वॅटची परवानगी होती, पुतण्याच्या ३०६० ला ११५ ची. ५१२० कोरांचं मोठं कार्ड उपाशी, ३८४० कोरांचं धाकटं पोटभर जेवलेलं. त्या रात्री साहेब जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. साहेब म्हणतात, जेवलो, ताक तेवढं घेतलं नाही.

तिथून हा माणूस कामाला लागला. आज त्यांच्या एक्सेलच्या तक्त्यात बाजारातला जवळपास प्रत्येक मोठा लॅपटॉप आहे. कार्डाचं नाव एका रकान्यात, वॅट दुसऱ्यात, आणि तिसरा रकाना 'शेरा'. ४०६० या एकाच नावाचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ पर्यंत कुठेही बसवलेलं असू शकतं, त्यामुळे शेऱ्याच्या रकान्यात बराच मजकूर आहे. 'वसुली संशयास्पद' हा त्यांचा आवडता शेरा.

साहेबांच्या इतिहासात एक सत्ययुगही आहे. ते २०१६ साली सुरू होतं. त्याआधी लॅपटॉपातल्या कार्डाच्या नावामागे 'एम' लावायची रीत होती. ९८०एम म्हटलं की हा धाकट्या पातीचा, हे कळायचं. २०१६ साली ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं १०७० आणि १०८० लॅपटॉपात आणले आणि 'एम' काढून टाकला. काढण्याचा हक्कही होता, कारण आत चिप टेबलावरच्या संगणकातलीच होती. लॅपटॉपच्या १०७० मध्ये तर २०४८ कोर, आणि टेबलावरच्या संगणकातल्या १०७० मध्ये १९२०. "धाकट्याला जास्त दिलं होतं हो!" हे सांगताना साहेबांचा गळा दाटतो. दुसऱ्याच वर्षी मॅक्स-क्यू आलं. कार्ड तेच, पण पातळ लॅपटॉपात मावावं म्हणून कमी विजेवर, कमी वेगानं चालवलेलं. निदान नावात तसा उल्लेख असायचा. २०२१ मध्ये तीसची मालिका आली आणि ती खूणही नावातून गेली. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं लॅपटॉप बनवणाऱ्यांना आकडे छापायला सांगितलं. "छापा म्हणाले," साहेब बोट वर करून सांगतात, "मोठ्या अक्षरात छापा म्हणाले नाहीत."

आणि आता २०२५ चं ५०९०. टेबलावरच्या संगणकात ते ५७५ वॅट ओढतं, कोर २१,७६०, मेमरी ३२ जीबी. लॅपटॉपात त्याच नावाचं कार्ड, सगळं ताणूनताणून १७५ वॅट, कोर १०,४९६, मेमरी २४ जीबी. आतली चिप पाहिली तर ती टेबलावरच्या ५०८० च्या घराण्यातली. "पाटी चेअरमनची आणि खुर्चीत सचिव," एवढंच साहेब म्हणतात. अर्थात लॅपटॉपात ५७५ वॅट कोंबले तर तो मांडीवर घेणाऱ्याचं काय होईल, हे त्यांनाही कळतं. त्यांची तक्रार विजेबद्दल नाहीच. नावाबद्दल आहे.

ही तक्रार जुनी आहे. नव्वदच्या दशकात वडिलांनी घरी टेप रेकॉर्डर आणला होता. पुढे चकचकीत स्टिकर: ३०० वॅट पीएमपीओ. शाळकरी साहेबांनी तो फिरवून मागची पट्टी वाचली, तर अख्खं यंत्र भिंतीतूनच १५ वॅट घेत होतं. पीएमपीओ हा आवाजाचा असा आकडा, जो क्षणभर, कागदावर, कंपनीला हवा तसा काढता येतो; सतत मिळणाऱ्या ताकदीचा खरा आकडा तो आरएमएस. १५ वॅट घेऊन ३०० कसे देतो, असं त्यांनी वडिलांना विचारलं. वडिलांनी गाणं मोठं केलं.

रविवारी साहेब राजारामपुरीत दुकानं फिरतात. दुकानातली जुनी पोरं त्यांना लांबून ओळखतात. एक चहाला जातो, दुसऱ्याला गोदामातलं काम आठवतं. नवं पोरगं सापडतं.

"बघा की सर, आरजीबी आहे. कीबोर्ड सगळ्या रंगांत पेटतोय."

"पेटतोय ते दिसलं. विझवायला पंखे किती?"

तोवर साहेबांनी मांडलेल्या लॅपटॉपात एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमधला मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवरचा आकडा वहीत उतरवलेला असतो. पुढचा प्रश्न येतो, "मक्स स्विच आहे का?" कार्डानं काढलेलं चित्र पडद्यावर जाताना एरवी प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सच्या हातून जातं, आणि त्यात थोडा वेग गळतो. मक्स असेल तर चित्र थेट पडद्यावर. मधला अडत्या नाही.

"स्विच ना? देऊ की सर, वेगळा लावून."

साहेब वही मिटतात. त्यांना हाकलत मात्र कुणी नाही. ते बोलायला लागले की भोवती गिऱ्हाइकं जमतात, आणि त्यातलं एखादं खरंच काही घेऊन जातं. साहेबांनी नको म्हटलेलंच घेतं, पण घेतं.

मेमरीचं दुःख वेगळं. २०२१ चं ३०७० हे ८ जीबीचं. मग ४०६० आलं, ४०७० आलं, ५०६० आलं, ५०७० आलं. लॅपटॉपात सगळी ८ जीबीची. नवे गेम त्याहून जास्त मागतात, आणि लॅपटॉपात ती डाग देऊन बसवलेली असल्यानं नंतर वाढवता येत नाही. "अहो, महागाई भत्तासुद्धा वर्षातून दोनदा वाढतो," साहेब म्हणतात. १२ जीबी पाहिजे तर ५०७० टीआय, म्हणजे आणखी पैसे. इथे वहिनी खोलीतून उठून जातात.

कंपनीचा दावा असा की मेमरी, वॅट कशाला मोजता, पडद्यावर फ्रेम किती येतात ते पाहा. पन्नासच्या मालिकेत डीएलएसएस ४ आलं, त्यात कार्ड एक फ्रेम स्वतः काढतं आणि जोडीला तीनपर्यंत अंदाजानं रचून देतं. साहेब त्यांच्या तक्त्यात हे वेगळं दाखवतात: 'सख्ख्या फ्रेम' आणि 'मानलेल्या फ्रेम'. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग चामड्याचं चकचकीत जाकीट घालून मंचावर आले आणि टेबलावरचं ५४९ डॉलरचं ५०७० हे ४०९० च्या तोडीचं आहे, असं सांगून टाळ्या घेऊन गेले. साहेबांनी ते भाषण थांबवत थांबवत पाहिलं. "तीन मानलेल्या धरून," ते पडद्याला म्हणाले.

एवढं सगळं असून साहेब गेम खेळत नाहीत. चाचणी लावतात. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये चाचणीच्या शेवटी नायक दुकान लुटतो आणि घोड्यावरून पळतो. हा दरोडा साहेबांनी इतक्यांदा पाहिलाय की साक्षीदार म्हणून कोर्टात उभे राहू शकतील. पण तो माणूस कोण, लुटतो का, पुढे सापडतो का, याची त्यांना कल्पना नाही. पुतण्यानं एकदा सांगायला घेतलं, "काका, त्याला पुढे टीबी होतो."

"होऊ दे. घोडा ७२ फ्रेमवर पळाला."

चाचणी सुरू असताना ते करोनाच्या वेळी सोसायटीनं घेतलेली कपाळावर धरायची थर्मामीटर-बंदूक कीबोर्डवर धरतात. ती माणसांच्या तापासाठी केलेली असल्यानं थोड्याच वेळात आकडा सोडून नुसतं 'हाय' दाखवते. साहेबांच्या आई तेवढ्यात देवघरातून विचारतात, "उतरला का रे त्याचा?" आईंचा लॅपटॉपावर राग नाही, चार्जरवर आहे. ३३० वॅटचा, किलोभर वजनाचा तो ठोकळा, गेमवाली मंडळी त्याला वीटच म्हणतात. दिवाळीत साहेब तो पिशवीत घालून पंढरपूरला निघाले, तेव्हा आई म्हणाल्या, "अरे, पांडुरंगानंसुद्धा वीट जागची हलवली नाही."

मध्यंतरी एक आक्रीत झालं. पुतण्यानं नव्या ४०६० वर दाखवून दिलं की शंभर वॅटच्या पुढे वीज वाढवली तरी ते कार्ड फारसं पळत नाही. १०० आणि ११५ मध्ये फरक जवळपास नाहीच. म्हणजे जास्त वॅट म्हणजे जास्त खरं, हेही नेहमी खरं नाही. साहेबांनी ही बातमी काही दिवस घराबाहेर जाऊ दिली नाही. मग तक्त्यात एक चौथा रकाना आला, 'अनुत्पादक वॅट', आणि त्यांचा चेहरा पुन्हा फुलला.

गणपतीच्या तोंडावर गल्लीतल्या तरुण मंडळाची पोरं वर्गणीला आली. यंदाच्या साऊंडची जाहिरात करत म्हणाली, "साहेब, चाळीस हजार वॅट लावतोय. पंचगंगेपर्यंत ऐकू जातंय बघा."

"आरएमएस का पीएमपीओ?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं पावतीपुस्तक पुढे केलं. "कितीची फाडू साहेब?"

"पाच हजार एक."

पोरं खूश. पावती फाडली, सही केली. साहेबांनी आत जाऊन पाचशे एक रुपये आणून हातावर ठेवले.

"साहेब, पावती पाच हजार एकची हाय."

"हो," साहेब म्हणाले, "पीएमपीओ."