तुमच्या चिरंजीवांची फेरारी

रेडिंग, इंग्लंड

ती. बाबा व ती. सौ. आई,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हा खरंच फेरारी घेतोय का?" तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते, म्हणून "आवाज तुटतोय" असं सांगून मी फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. कागदावर लिहिलेलं मात्र यांना ऐकू जात नाही, म्हणून हे पत्र.

तर बाबा, हो. घ्यायचं चाललं आहे. नवी नव्हे, जुनी. फेरारी ३५५, १९९४ ते १९९९ या काळात इटलीत मारानेलोला होत असे ती. सचिनला २००२ साली मिळालेली, जिच्या सीमाशुल्कावरून पेपरांत गदारोळ झाला ती ३६० मॉडेना हिच्या पाठची बहीण. आईंना सांगा, हिचा आकार काढणारी पिनिनफरिना कंपनी २०१५ साली आपल्या महिंद्रांनी घ्यायची ठरवली. म्हणजे ओढूनताणून का होईना, शेजारच्या काकांच्या बोलेरोशी सोयरीक निघते. पैसे यांच्या कंपनीच्या शेअर्सचे. मी त्यांत स्वयंपाकघर वाढवू म्हणत होते. किंमत लिहीत नाही, कारण तुमची पत्रं आई मोठ्याने वाचून दाखवतात.

तुमचा पुढचा प्रश्न ॲव्हरेजचा असणार. लिटरला साधारण सहा किलोमीटर, तेही गाडी शांतपणे चालवली तर. आणि यांना कशेडी घाटात गाडी शिकवलीत तुम्हीच. सीटा दोन. आम्ही माणसं चार. हा हिशोब मी मांडला तेव्हा "मुलं काय, थोड्या वर्षांत कॉलेजला जातील" असं उत्तर मिळालं. धाकटी दुसरीत आहे.

पण माझी तक्रार गाडी घेण्याबद्दल नाही. यांचं वेड लग्नाआधीपासूनचं आहे आणि तुम्ही ते मला लग्नाआधी सांगितलं नाहीत, हा मुद्दा सध्या बाजूला ठेवते. तक्रार कुठली गाडी घ्यायची याबद्दल आहे. एक लाल बघितली, एक निळी. यांचा जीव लालमध्ये अडकलाय, माझं मत निळीला. माझं ऐकणार नाहीत. तुम्ही चिपळूण डेपोत हेड मेकॅनिक होता, तुमचं ऐकतील. म्हणून सगळं तपशिलाने लिहिते.

लाल गाडी दिसायला लखलखीत. पंचवीस वर्षांहून जुनी, पण फार थोडे मैल चाललेली. हे तिथेच विरघळले. पण इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचा सगळा इतिहास फुकट समोर येतो: कुठल्या साली किती मैल, कशात पास, कशात नापास. मी स्वयंपाकघरातूनच फोनवर नंबर टाकला. मध्ये सलग पाच वर्षं तपासणीच नाही. म्हणजे गाडी एवढी वर्षं कुठेतरी झाकून उभी होती. तुम्हाला वेगळं सांगायला नको; उभ्या गाडीचे सील सुकतात, पेट्रोलच्या नळ्या कडक होऊन चिरतात. कमी चाललेली म्हणजे चांगली असं एसटीत कोणी म्हणत नव्हतं आणि फेरारीतही ते खरं नाही.

इथल्या कागदांची एक गंमत. व्ही-५-सी नावाचं आरसी बुकासारखं एक पुस्तक असतं. त्यावर स्वच्छ छापलंय की हा मालकीचा पुरावा नव्हे. ज्याचं नाव आहे तो फक्त गाडी सांभाळणारा. असा कागद आपल्या तलाठ्यालाही सुचला नसता. म्हणून विकणाऱ्याची स्वतःची खरेदीची पावती मागायची, आणि थोडे पौंड भरून गाडीवर कर्ज थकलंय का, विमा कंपनीने ती कधी अपघातात बाद ठरवली होती का, हे तपासायचं. २०१७ पासून अशा दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांना 'एस' किंवा 'एन' असा शिक्का बसतो. 'एस' म्हणजे मूळ सांगाड्यालाच मार.

आता मुख्य गोष्ट, टायमिंग बेल्ट. हिचं इंजिन सीटच्या पाठीमागे, आठ सिलिंडरचं, आणि बेल्ट इंजिनच्या पुढच्या तोंडाला. म्हणजे इंजिन आणि केबिनची भिंत यांच्या फटीत, जिथे हात शिरत नाही. म्हणून बेल्ट बदलायला गाडी उचलून धरतात आणि गिअरबॉक्स व मागची चौकट यांच्यासकट अख्खं इंजिन खालून उतरवतात. हे दर तीन वर्षांनी करायचं. काही गॅरेजवाले पाचही चालतील म्हणतात. मैल मोजायचे नाहीत, वर्षं मोजायची, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. खर्च हजारांत, पौंडांच्या हजारांत. आणि बेल्ट तुटला तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात. मग नुसतं स्वयंपाकघर नाही, वरची खोलीही गेली.

लालवाल्याला विचारलं. म्हणाला, "बेल्ट नुकताच बदललाय." बिल? "घरी असेल." बाबा, आम्ही त्याच्या घरीच उभे होतो.

दुसरं म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा इंजिनवरचं झाकण हाताला गरम लागलं. "तुमच्यासाठी गरम करून ठेवली," म्हणाला, जसा काही चहाच. ही गाडी पहिल्यांदा थंडच सुरू व्हायला पाहिजे, कारण रोग तेव्हाच दिसतो. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डला चिरा जाणं हा ३५५ चा जुना आजार; थंड इंजिनवर टिकटिक ऐकू येते, गरम झाल्यावर धातू फुगून चीर मिटते आणि टिकटिकही बंद. सुरू करताना निळा धूर आला तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्यात; सुरुवातीच्या गाड्यांत त्या ब्राँझच्या होत्या आणि लवकर झिजत. दुरुस्ती म्हणजे दोन्ही हेड खाली. थंड असताना दुसरा गिअर पडायला कुरकुर करतो, ते मात्र मनावर घ्यायचं नाही. गिअर ऑइल तापलं की निमूट पडतो.

याउलट निळी. मैल लालच्या तिपटीहून जास्त. मालक निवृत्त दंतवैद्य, आणि बिलांची फाइल एवढी जाड की आपल्या घराच्या सातबाऱ्याच्या खटल्याची आठवण झाली. बेल्टची बिलं तारखांसकट, मध्ये गाइड बदलल्याचं बिल, मॅनिफोल्डचं बिल. त्याने स्वतःहून सांगितलं, फेरारीचं काम करणाऱ्या कुठल्याही बाहेरच्या गॅरेजकडून तपासून घ्या, खर्च तुमचा. लालवाल्याने याच गोष्टीला "परक्याचा हात लावू देत नाही" म्हटलं होतं. मला वाटतं, तिथेच विषय संपायला हवा होता.

निळीची तपासणी झाली. तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते. एकेक पिस्टन वर टोकाला आणून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडली आणि किती टक्के गळते ते मीटरवर बघितलं. मग मिस्त्री कान लावून फिरला: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा घेण्याच्या बाजूने आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. एका सिलिंडरला व्हॉल्व्ह पाच, तीन आत घेणारे, दोन बाहेर सोडणारे. म्हणजे ऐकायला जागा पुष्कळ. दहा टक्क्यांच्या आत सगळं ठीक धरतात. निळीचे आठही आत बसले. रंगाची जाडी मोजायचं यंत्रही सगळीकडे फिरवलं. मूळ रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन असतो. आकडा दुप्पट-तिप्पट झाला की खाली लांबी भरलेली समजायची. मागच्या एका कोपऱ्यात आकडा वाढला, पण त्याचंही बिल फाइलमध्ये होतं.

निळीत दोष नाहीत असं नाही. आतल्या बटणांवरचा मऊ लेप वितळून फणस कापल्यावर लागतो तसा चीक बोटांना लागतो. हा या कंपनीच्या त्या काळच्या गाड्यांचा प्रसिद्ध दोष आहे. डॅशबोर्डचं कातडं काचेजवळ आखडलंय. टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूला चार आकडे होते २३१४. म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातले. ते बदलावेच लागतील. या तिन्हींचे पैसे मी किमतीतून कापून मागितले. दंतवैद्याने मान डोलावली. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

आईंनी विचारलं होतं, गणपतीला गाडी घेऊन याल का. एवढी जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही. आणि आली असती तरी परशुराम घाटापर्यंत पोचायच्या आत पहिल्याच स्पीडब्रेकरवर बसली असती.

बाबा, रविवारी सकाळी यांचा तुम्हाला फोन येईल. सहज केल्यासारखं दाखवतील, आधी भाताची लावणी विचारतील. मग लाल गाडीचा विषय काढतील, "मैल किती कमी!" म्हणतील. तेव्हा तुम्ही एकच विचारा, बेल्टचं बिल कुठाय? आणि गॅरेजात उघडून बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, हे डेपोतल्या आवाजात सांगा. त्या वेळी आईंना मात्र फोनपासून लांब ठेवा. त्यांना लाल रंग आवडतो.

आपली,
सूनबाई